चोरीला गेलेली गुणगुण

१

शुक्रवारी सकाळी साडेनऊला आमच्या दुकानात चोरी झाल्याचं उघडकीला आलं. चोरीला काय गेलं हे कळल्यावर मला हसू फुटलं, आणि त्यावर ह्यांनी मला जे ऐकवलं ते मी इथे लिहिणार नाही. नवरा-बायकोतलं सगळंच कागदावर आणू नये.

आमचं दुकान जुन्या रेडिओंचं आणि अ‍ॅम्प्लिफायरचं. काचेचे व्हॉल्ववाले, लाकडी पेटीतले, सुरू केल्यावर अर्धं मिनिट तापायला घेणारे आणि मगच तोंड उघडणारे. दुरुस्ती हे करतात. काउंटर, पार्सलं आणि स्पीकरवरचं कापड शिवणं माझ्याकडे. हे दुकान माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी काढलं. चार वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हा त्यांनी आपली तारा डाखायची सोल्डरिंगची इस्त्री खिळ्याला टांगली आणि वर्तमानपत्र हातात घेतलं. तेव्हापासून दुकानात दिवसभर कागदाची फडफड ऐकू येते.

तर त्या सकाळी ह्यांनी बाईंचा रेडिओ लावला. व्हॉल्व लाल झाले, डायलमागचा दिवा उजळला, अर्धं मिनिट झालं, आणि रेडिओ गप्प. बंद नव्हे, गप्प. स्टेशन लावलं की स्वच्छ लागत होतं. स्टेशनाच्या बाजूला काटा नेला की चिडीचूप. ह्यांनी स्पीकरला कान लावला, मग दुसरा कान लावला, आणि स्टुलावर मटकन बसले.

"हम गेला," हे म्हणाले. "कुणीतरी हम काढून नेला."

मेकॅनिक लोक रेडिओतल्या बारीक, अखंड गुणगुणीला हम म्हणतात. ती म्हणजे बिघाड. ती काढायलाच लोक आमच्याकडे येतात. म्हणून मी हसले. मग बाईंचा चेहरा आठवला आणि हसू पळालं.

बाई म्हणजे गाण्याच्या बाई. येत्या रविवारी त्यांना ऐंशी पुरी व्हायची होती, आणि अकरा वाजता शाळेच्या सभागृहात त्यांचे साठेक जुने विद्यार्थी जमणार होते. बेचाळीस वर्षं बाई रोज सकाळी रेडिओ लावायच्या, स्टेशन न लावता, आणि त्याच्या गुणगुणीवरून आपला पहिला सूर घ्यायच्या. मागच्या वर्षी एका समारंभात रेडिओशिवाय गायला उभ्या राहिल्या, सूर सापडला नाही, आणि अर्ध्यातच खाली बसल्या. त्यानंतर चारचौघांत गायल्या नव्हत्या. रविवारी एकदाच गाईन म्हणाल्या होत्या, पण रेडिओ शेजारी असला तरच. बुधवारी दुपारी त्यांनी तो डायलची दोरी बदलायला आणून दिला. दोनदा बजावलं, "बाकी काहीही करा, त्याच्या गुणगुणीला हात लावू नका." मामंजी तेव्हा आत वामकुक्षी घेत होते. दुकानात आम्ही दोघं होतो आणि कोपऱ्यात आमचे नेहमीचे गिऱ्हाईक टोपीवाले होते.

बुधवारी संध्याकाळपर्यंत गुणगुण जागेवर होती, हे मी छातीठोकपणे सांगते. ह्यांच्या निळ्या सदऱ्याचं बटण लावत मी तिथेच बसले होते. चष्मा सापडेना, तेव्हा सुई मामंजींनी ओवून दिली, आणि रेडिओ आपला मागे गुणगुणत होता.

आता रविवारला दोन दिवस उरले होते.

२

अशा वेळी आमच्या घरात एकाच माणसाला फोन जातो. वन्संना.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. पलीकडचा माणूस तोंड उघडायच्या आत नुसत्या श्वासावरून त्या ओळखायच्या की हा कातावून बोलणार आहे की कौतुकानं, असं त्या स्वतःच सांगतात. मला आधी ती बढाई वाटायची. मग एकदा त्यांनी फोनवर माझ्या "हॅलो"वरून आमटी करपल्याचं ओळखलं, आणि मी गुमान मानलं.

वन्सं तासाभरात आल्या. पर्स ठेवली, चहा नको म्हणाल्या, चहा घेतला, आणि रेडिओसमोर डोळे मिटून बसल्या. ह्यांनी तेवढ्यात एक शहाणपणा केला. हम म्हणजे काय, कंडेन्सर अशक्त असला की विजेची लाट पुरती गाळली जात नाही, ती ऐकू येते, एवढंच. म्हणून ह्यांनी एक थकलेला कंडेन्सर जोडला आणि हम तयार केला. मला तर तोच वाटला.

"हा नाही," वन्सं डोळे न उघडता म्हणाल्या. "पट्टी तीच आहे, पण ह्याला दात आहेत. बाईंचा गोल होता."

ह्यांनी तीन कंडेन्सर बदलले. तिन्ही वेळा वन्संनी मान हलवली. वन्संना जे कळतं ते बाईंना कळणार नाही असं म्हणायची सोय नव्हती. म्हणजे मूळची गुणगुण जशीच्या तशी हवी असेल, तर कुणीतरी आतून जे काढलं ते परत मिळायला हवं होतं. आणि त्यासाठी ते कुणी काढलं हे कळायला हवं होतं.

गंमत अशी, की आतून काहीच काढलेलं दिसत नव्हतं. हे रेडिओ पालथा घालून सकाळपासून बघत होते. बेचाळीस वर्षांपूर्वीचा कंडेन्सर जागच्या जागी होता. बोटाएवढी तपकिरी पुठ्ठ्याची नळी, दोन्ही टोकांना मेण, वर धुळीचा थर. सगळं जुनं, सगळं जिथल्या तिथे.

वन्संनी माझ्याकडून टाचणी मागून घेतली, नळीच्या टोकाचं मेण जरासं खरवडलं आणि नाकाला लावलं. मग बोटांत चुरून पाहिलं.

"नळी जुनी आहे," त्या म्हणाल्या. "मेण ताजं आहे."

३

ह्यांनी नळी सोडवून कापली, आणि ह्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. कुणीतरी नळी तापवून तिच्या पोटातलं जुनं सगळं ओढून काढलं होतं, आत छोटा नवा कंडेन्सर बसवला होता, टोकं मेणानं बंद केली होती आणि वर धूळसुद्धा फासली होती. जुन्या रेडिओचं रूप बिघडू नये म्हणून जाणते कारागीर असं करतात. किचकट काम आहे, ह्यांना स्वतःला त्याला दोन तास लागतात.

हे काम झालं होतं गुरुवारी. त्या दिवशी दोन ते पाच आम्ही दातांच्या डॉक्टरकडे होतो, ह्यांची दाढ काढायला. दुकानात मामंजी काउंटरवर बसले होते. वन्संनी त्यांना विचारलं. समोरचा दुकानदार येऊन सोल्डरची तार मागून घेऊन गेला, टोपीवाले नेहमीसारखे तासभर बसले, आणि मध्ये आपला डोळा लागला असेल, असं मामंजी म्हणाले. वर्तमानपत्र फडफडत होतं. चष्मा रुमालात गुंडाळून त्यांनी खिशात ठेवला आणि दुसरा चहा न घेताच आत गेले. मला वाटलं, बाईंच्या काळजीनं.

वन्संनी पहिली उलटतपासणी आपल्या भावाची घेतली. मी खूश होऊन स्टूल पुढे ओढलं. बिघाड दिसला की ह्यांचे हात शिवशिवतात हे जगजाहीर आहे. पाहुण्यांच्या घरी गेलो तरी हे त्यांचा पंखा ऐकत बसतात. पण दाढ काढून आल्यावर हे गुरुवारी रात्री अंथरुणातून उठलेच नव्हते, आणि ती अख्खी संध्याकाळ मी ह्यांना पेज भरवत होते. ह्यांची सुटका झाली. मला थोडं वाईटच वाटलं.

मग समोरचा. रस्त्याच्या पलीकडे त्याचं नव्या अ‍ॅम्प्लिफायरचं चकचकीत दुकान आहे, आणि आमच्या रेडिओंना तो 'म्हातारे' म्हणतो. बुधवारी संध्याकाळी ह्यांनी त्याला बाईंच्या गुणगुणीची गोष्ट सांगितली, तेव्हा तो खो खो हसला होता. असला हम मी दहा मिनिटांत घालवीन, असंही म्हणाला होता. त्यामुळे माझा संशय त्याच्यावर पक्का होता, आणि वन्सं त्याच्याशी बोलत असताना मी त्याच्याकडे शक्य तितकं रोखून बघत होते.

तो चिडला नाही. त्यानं नळी उलटसुलट केली आणि कबूल केलं की असलं काम त्याला जमत नाही. "आणि जमलं असतं ना ताई, तर लपवलं नसतं. बोर्ड लावला असता."

हे खरं होतं. तो साधा फ्यूज बदलला तरी फोटो काढतो.

राहिले टोपीवाले. ते जुने रेडिओ जमवतात. त्यांच्याकडे तीस आहेत आणि एकतिसावा म्हणून ते बाईंच्या रेडिओकडे दहा वर्षं डोळे लावून बसलेत. बाईंचा सूर गेला तर रेडिओ त्या देऊन टाकतील, असा हिशेब कुणीही केला असता. गुरुवारी ते इथे होते, मामंजींना डुलकी लागली होती. सगळं जुळत होतं. वन्संनी काही न बोलता ती कापलेली नळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

टोपीवाल्यांनी टोपी काढली. मी त्यांना टोपीशिवाय पहिल्यांदाच पाहिलं.

"आतलं काढलं?" ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले. "कंपनीतून आलेलं, जसंच्या तसं, काढलं?"

त्यांच्या एका रेडिओत कित्येक वर्षांपूर्वीची मेलेली माशी आहे, तीसुद्धा त्यांनी काढू दिलेली नाही. असा माणूस कंडेन्सरचं पोट फाडेल, हे शक्यच नव्हतं. वन्संनी त्यांना पाणी दिलं आणि ते गेल्यावर हिशेब मांडला. चोरानं कुणाचं वाईट चिंतलेलं नाही. एवढं नाजूक काम त्यानं जीव लावून केलंय, आणि श्रेय नको म्हणून लपवलंय. बाईंनी गुणगुण राखायला सांगितली होती हे टोपीवाल्यांना ठाऊक होतं, समोरच्याला ठाऊक होतं, आम्हाला दोघांना ठाऊक होतं. ज्यानं हे केलं, त्याला ते ठाऊक नव्हतं.

बोलता बोलता त्यांनी नळी उजेडात धरली. मेणात केसासारखं काहीतरी अडकलं होतं. टाचणीनं त्यांनी ते अलगद ओढून काढलं. दोऱ्याचा तंतू होता, निळा.

वन्संनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

४

मला घाम फुटला. सहा वर्षांचं सूनपण, सचोटीचा काउंटर, आणि शेवटी पुरावा निघाला माझ्याच शिवणाच्या डब्यातून. त्या डब्यात मेणाचा खडा असतो. दोरा त्यावरून ओढला की गुंता होत नाही. खडा काढून पाहिला तर एक कोपरा तुटलेला होता, आणि उरलेल्या खड्यावरच्या चिरेत निळं काहीतरी दिसत होतं.

मी शपथा घ्यायला लागले. मला सोल्डर करता येत नाही, मला विजेची भीती वाटते, मी बल्बसुद्धा ह्यांना बदलायला लावते. वन्सं हसल्या.

"वहिनी, तू केलं असतंस तर तासाभरात स्वतःच येऊन सांगितलं असतंस. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मला एवढंच सांग, बुधवारपासून ह्या डब्याला आणखी कुणाचा हात लागला?"

कुणाचाच नाही, असं मी म्हणाले. आणि म्हणता म्हणता थांबले.

बुधवारी सुई ओवायला मामंजींनी डबा मांडीवर घेतला होता. दोरा मेणावरून ओढला, सुईच्या नाकातून पहिल्या झटक्यात घातला, आणि सुई माझ्या हातात दिली. पहिल्या झटक्यात. चार वर्षं ज्यांच्या हातात चहाची बशी वाजते त्या मामंजींनी. आणि मी खुळी, थँक्यू म्हणून बटण लावायला लागले.

हे म्हणाले, शक्य नाही, बाबांचा हात थरथरतो. वन्संनी विचारलं, कधी थरथरतो? आम्ही दोघं आठवायला लागलो. वर्तमानपत्र नुसतं धरलं की. हात मांडीवर ठेवला की. बशी घेऊन बसले की. काही करताना? काही करताना ते आम्हाला दिसलेच नव्हते, कारण चार वर्षं आम्ही त्यांना काही करूच दिलं नव्हतं. हातातलं ओझं काढून घ्यायचं, खुर्ची पुढे करायची, बाबा तुम्ही बसा म्हणायचं. प्रेमानंच सगळं, पण मला त्या क्षणी फार लाज वाटली.

"आणि त्यांचं चष्म्याचं घर कुठंय?" वन्सं म्हणाल्या. "काल फोनवर बाबा बोलत होते, तेव्हा ते मिटल्याचा नेहमीचा आवाज आला नाही. आज चष्मा रुमालात आहे. त्या घरात दुसरं काहीतरी ठेवलंय."

५

मामंजी आतल्या खोलीत खिडकीपाशी बसले होते. आम्ही तिघं दारात उभे राहिलो. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी उशीखालून चष्म्याचं घर काढलं आणि वन्संच्या हातात दिलं. आत चांदीच्या रंगाच्या पन्नीची आणि कागदाची घट्ट गुंडाळी होती, दोन तारा बाहेर आलेल्या. बाईंची गुणगुण.

मग त्यांनी सांगितलं. बेचाळीस वर्षांपूर्वी दुकान नवं होतं आणि ते स्वतः त्याहून नवे होते. बाईंना विकलेल्या जुन्या रेडिओला हव्या त्या ताकदीचा कंडेन्सर मिळेना, म्हणून निम्म्या ताकदीचा बसवला. बाई न्यायला आल्या, म्हणाल्या हे काय गुणगुणतंय? बिघाड राहिलाय असं सांगायची लाज वाटली. मामंजी म्हणाले, या रेडिओची पद्धतच आहे ती. बाईंनी मान डोलावली आणि घेऊन गेल्या. नंतर ताकदीचा कंडेन्सर मिळाला, पण तो बसवायचा म्हणजे खोटं बोललो हे कबूल करायचं. ते राहिलं ते राहिलंच.

"माझ्या हातून एकच काम खोटं गेलंय," मामंजी म्हणाले. "तेवढं एक दुरुस्त करून मरायचं होतं. हात चालत नाही म्हणून गप्प होतो. बुधवारी सूनबाईची सुई ओवली आणि हात हललाच नाही."

गुरुवारी दुकान रिकामं मिळालं. टोपीवाले गेल्यावर त्यांनी खिळ्यावरची इस्त्री उतरवली. बाई त्याच गुणगुणीवर गातात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. शुक्रवारी सकाळी दुकानातला गोंधळ ऐकला, तेव्हा पायाखालची जमीन सरकली. बोलायला तोंड उघडावं तर बेचाळीस वर्षांचं सगळंच बाहेर आलं असतं.

हे दुकानात गेले, बाबांची इस्त्री घेऊन आले आणि त्यांच्या समोर धरली. "मी तीन वेळा करून पाहिला, बाबा," हे म्हणाले. "मला जमला नाही. तुमचा तुम्हीच करा."

६

शनिवारी सकाळी मामंजी चार वर्षांनी बाकाशी बसले. हात मांडीवर होता तोवर थरथरत होता. इस्त्री उचलली आणि तो थांबला. आम्ही तिघं भिंतीला टेकून बघत होतो. समोरचा दारात येऊन उभा राहिला आणि फोटो न काढता उभा राहिला, हे विशेष.

जुनी गुंडाळी तारेला लागली. पण मामंजींनी नवा कंडेन्सर फेकला नाही. दोन्ही ठेवले आणि रेडिओच्या पाठीला एक छोटं बटण बसवलं. बटण खाली, तर बेचाळीस वर्षांपूर्वीची चूक. बटण वर, तर दुरुस्ती. मग एक हात खिशात घालून, दुसऱ्यानं तपासणी करत, त्यांनी रेडिओ लावला. वीज सुरू असताना दुसरा हात खिशात ठेवायचा, हे त्यांनीच ह्यांना शिकवलेलं. अर्ध्या मिनिटानं गुणगुण आली.

वन्संनी डोळे मिटले. "गोल," त्या म्हणाल्या, आणि आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो.

रविवारी सभागृह भरलं होतं. पांढऱ्या केसांचे विद्यार्थी शाळेतल्यासारखे धक्काबुक्की करत पुढच्या रांगा धरत होते. टोपीवाले टोपी मांडीवर घेऊन बसले होते. रेडिओ बाईंच्या शेजारी टेबलावर ठेवला होता. बाई त्याच्याकडे वळल्या, तेवढ्यात मामंजी उठले. आम्ही त्यांना सांगितलं होतं की नंतर बोला, एकांतात बोला. त्यांनी ऐकलं नाही.

"बाई, गायच्या आधी एक सांगतो," ते उभ्यानंच म्हणाले. "ही या रेडिओची पद्धत नाही. ही माझी चूक आहे. तेव्हा खोटं बोललो."

बाई मामंजींकडे वळल्या. मग त्यांच्या तोंडावर असं हसू आलं की त्या ऐंशीच्या वाटेनात.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "माझ्या बहिणीकडे असाच रेडिओ होता, तो गप्प असायचा. दुसऱ्याच वर्षी कळलं मला."

मग एवढी वर्षं बोलला का नाहीत, असं मामंजींनी कसंबसं विचारलं.

"बोलले असते, तर तुम्ही दुरुस्त करून टाकला असतात."

आधी समोरचा हसला, मग सगळं सभागृह. मामंजी हसत होते आणि डोळे पुसत होते, आणि माझंही तेच चाललं होतं. हसू ओसरल्यावर ह्यांनी पुढे होऊन बाईंना पाठीमागचं बटण दाखवलं. बाईंनी रेडिओ लावला. व्हॉल्व तापले, गुणगुण आली. त्यांनी डोळे मिटून ती थोडा वेळ ऐकली आणि तोंड न उघडता तिच्यात आपला सूर मिळवला. मग डोळे न उघडताच हात मागे नेला आणि बटण वर केलं.

गुणगुण गेली. बाईंचा सूर तिथेच राहिला. एकटा, न हलता. त्यांनी तोंड उघडलं आणि त्या गायल्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठेही न बसता.

सोमवारी सकाळी दुकान उघडलं तेव्हा बाकाशी दोन स्टुलं होती. टोपीवाले आपला सतरावा रेडिओ घेऊन दारात उभे होते. दुरुस्त करा पण आतलं काही बदलू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. मामंजींनी चष्मा त्याच्या घरात घालून ते टपकन मिटलं आणि काउंटरवर माझ्यापाशी येऊन थांबले. त्यांना मेणाचा खडा हवा होता. या वेळी त्यांनी तो विचारून घेतला.